गुच्छातली लिली

फुलवाल्या मावशीचा हात म्हणजे जादूच. तिचा गुच्छ हातात पडला की रुसलेली नवरीसुद्धा खुदकन हसायची. तिचा एकच नियम होता. गुलाब प्रेमाचा, तो लग्नाला. लिली निरोपाची, ती फक्त मयताच्या पुष्पचक्रात.

आज सख्ख्या भाचीचं लग्न, म्हणून तिनं दुकानात लिली आणलीच नव्हती. तरी गुच्छ बांधून झाला की गुलाबांच्या मधोमध एक पांढरी लिली दिसायची. तिनं ती दोनदा उपटून फेकली. तिसऱ्यांदा एकेक देठ निरखून बांधला. सगळे गुलाबच.

भाची नटूनथटून आली आणि गुच्छ बघून हरखलीच.

"मावशे, काय हात आहे गं तुझा! आणि मधली ही लिली तर कसली गोड दिसतेय!"

मावशीनं वाकून पाहिलं. गुच्छात नुसते गुलाब होते. लिलीचा वास भाचीच्या श्वासाला येत होता.