मुरमाचा फलाट

पूर्णेच्या पुरात गाव वाहून गेलं, तेव्हा गोजरबाईनं नांदुऱ्याजवळ रुळांशेजारच्या माळावर पहिली झोपडी उभारली. मागोमाग बाकीचेही आले. गाडी मात्र धुरळा उडवत निघून जाई. "फलाट तुम्ही बांधा, गाडी आम्ही थांबवू," रेल्वेचे साहेब म्हणाले. महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात साऱ्यांनी डोक्यावरून मुरूम वाहिला. आज शिट्टी ऐकू येताच वस्ती फलाटावर जमली. "थांबन काय वो?" शेजारणीनं विचारलं. इंजिन जवळ आलं, मंदावलं आणि वाफ सोडत उभं राहिलं. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेतलेली अनोळखी बाई लेकरांसह उतरली. "मी सुगराबी. या गावात दुकानाले जागा भेटन काय?" आजवर त्या झोपड्यांना कोणी गाव म्हटलं नव्हतं. गोजरबाईनं ती पेटी आपल्या डोक्यावर घेतली. "चाल बाई, आपली बाजारपेठ तुह्यापासूनच सुरू होईन."