बाजूची सीट

आई ड्रायव्हिंग क्लास चालवते. क्लासच्या गाडीत तिच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्याही गाडीत बसली, की तिचा पाय तो नसलेला ब्रेक दाबत राहतो. बाबांच्या गाडीत तिच्या बाजूच्या मॅटला चक्क भोक पडलंय. "लग्न झाल्यापासून हिने माझ्या गाडीत डोळा मिटलेला नाही," बाबा सगळ्यांना सांगतात.

माझ्यासाठी कॉम्पॅक्ट सेडान बघायला आम्ही मायलेकी गेलो. पहिल्या गाडीच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये आईचा पाय दोनदा आपटला.

"बरी आहे," ती म्हणाली.

"गाडी ना?"

"गाडीबद्दल कोण बोलतंय? चालवणारी म्हणतेय मी."

दुसरी गाडी मी थेट बाजाराच्या गर्दीतून काढली. मागे बसलेल्या सेल्समनची टकळी सुरूच होती. "मॅडम, लीजवर घ्या. तीन वर्षं वापरायची, परत करायची, की नवी घ्यायची. विकत घेतलीत तर ही कायमची गळ्यात पडेल."

"आई, काय करू गं?" मी समोर बघतच विचारलं. रस्त्यावरून नजर हलवायची नाही, ही तिचीच शिस्त.

सिग्नलला थांबल्यावर मी वळून पाहिलं. आईची मान खिडकीकडे कलली होती आणि ती चक्क घोरत होती.

सेल्समन ओशाळला. "काकूंना गाडी आवडलेली दिसत नाही. तिसरी दाखवू का?"

"हळू बोला," मी म्हणाले. "हीच घेतेय. आणि विकतच. ही सीट मी कुणाला परत देणार नाही."