उभं माप

"बघ, कुठं कुसळ टोचतं का," मिस्त्री म्हणाला आणि फडक्यानं शवपेटीवरचा भुसा झटकू लागला.

मेव्हणा बस चालवायचा. लाकडातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण बहीण गेलेल्या घरात रडणाऱ्या बायकांमध्ये अवघडून बसण्यापेक्षा भाऊजींना फळ्या धरून द्याव्यात म्हणून तो सकाळीच कारखान्यात आला होता. पेटीच्या कडेवरून हात फिरवत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि थांबला.

"भाऊजी, लांब झाली."

"काय लांब झाली?"

"पेटी. ताई एवढी कुठं राहिली होती?"

मिस्त्रीनं पाहिलं. खरंच लांब झाली होती. गावातल्या निम्म्या शवपेट्या त्याच्या हातच्या, आणि एकही कधी आखूड नाही की लांब नाही. मेलेल्या माणसाला टेप लावायचा नाही, ही त्याची रीत. तो घरच्यांना विचारायचा, "उभे राहिले की कुठपर्यंत यायचे?" कुणी आपल्या खांद्याला हात लावून दाखवायचं, कुणी कपाळाला, आणि दाखवता दाखवता त्यांना पहिल्यांदा मोकळेपणी रडू यायचं. मग हलकेच, "आजारात फार खंगले होते का?" एवढं विचारून तो माप थोडं कमी करायचा. निघताना मात्र न चुकता सांगायचा, "देव दिल्या शब्दाला जागतो. शेवटच्या दिवशी मेलेल्यांना उठवीन म्हणालाय ना, उठवील." दुसरा सुतार वाळवी लागणार नाही म्हणून सांगतो, तितक्याच सहज.

आज विचारायला समोर कुणी नव्हतं. माप त्यानं आपल्याच कानाच्या पाळीचं घेतलं होतं, कारण बायको तिथपर्यंत यायची. यायची म्हणजे, हाडांच्या दुखण्यानं कणा वाकवून तिला लहान पोरीएवढी करून टाकण्याआधी. दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा राहूनच गेला. तिनं बरं व्हावं म्हणून तो रोज गुडघे टेकत आला होता, चर्चच्या मंडळीनं उपास केले होते, आणि काल दुपारी ती गेली. आज सकाळी त्यानं प्रार्थना केली नाही. देवावर तो रागावला होता, आणि राग लपवावा इतकी दोघांची ओळख नवी नव्हती.

"आत घरंगळेल ती," मेव्हणा म्हणाला. "खांद्यावर घेतली की इकडून तिकडे. बरं दिसतं का?"

"कापतो."

मिस्त्रीनं पेन्सिलीनं नवी खूण केली आणि करवत उचलली. दुपारी तिला चर्चमध्ये न्यायचं होतं. घाई केली तर जमण्यासारखं होतं. मेव्हण्यानं पेटी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि कालपासून जिभेवर घोळत असलेलं बोलून टाकलं.

"राग मानू नका भाऊजी. शब्दाला जागतो म्हणता ना तुमचा देव? मग ताईच्या वेळी कुठं गेला त्याचा शब्द?"

मिस्त्रीला ते फार लागलं, कारण रात्रभर तो स्वतः तेच विचारत होता. मेव्हण्याला चांगलं सुनावायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं. करवत खुणेवर टेकलेली होती. खुणेच्या अलीकडे खंगलेली बाई बरोबर बसत होती. कापून खाली पडणार होता तो तुकडा तिच्या धडधाकट उंचीचा होता.

करवत हलली नाही. मेव्हणा आपला पेटी धरून उभाच.

"बरी करीन असं तो म्हणाला नव्हता," मिस्त्री सावकाश म्हणाला. "ते आम्ही म्हणत होतो, रोज, त्याच्या तोंडचं असल्यासारखं. तो म्हणालाय, उठवीन."

"मग?"

"मग उठवणार तो काय अशी वाकलेली उठवणार? उठवायचीच, तर सरळ पाठीची उठवील." त्यानं करवत भिंतीला टेकवली. "राहू दे एवढी. अंग आखडून फार दिवस पडली होती बिचारी."

एवढं बोलला आणि कालपासून अडलेलं रडू त्याला आलं. तो तिथंच भुशात बसून पोटभर रडला. राग गेला नव्हता, पण ज्याच्यावर राग होता त्याच्याशी आता निदान बोलता तरी आलं असतं.

मेव्हण्याला हे पटलं की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. मिस्त्रीनं डोळे पुसले आणि त्याला घरी पिटाळलं, "डोक्याखाली एक उशी आण. आणि पायाकडं भरायला काहीतरी बघ."

तो परत आला तेव्हा त्याच्या काखेत उशी होती आणि हातात ताईच्या बाहेर जायच्या चपला. तिनं अंथरूण धरल्यापासून त्या पलंगाखाली धूळ खात पडल्या होत्या. त्यानं त्या पुसून आणल्या होत्या.

"पायाकडं जागा आहे, म्हणून आणल्या," तो मिस्त्रीकडे न बघता म्हणाला.

वाकून त्यानं चपला पेटीत ठेवल्या, उजवी उजवीकडे आहे ना ते पाहिलं, आणि त्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला वळवली.