तांडेलाची गोष्ट

"आणि नऊ वर्षांनी तांडेल परत आला!" किनाऱ्यावरच्या सरकारी उद्यानातलं तांडेलाचं जुनं घर दाखवून झालं, की गाईड गोष्ट अशीच संपवायचा. खरा तांडेल गलबतासकट बुडाला होता. पण सहलीला आलेल्यांना रडकी गोष्ट कोण सांगणार?

लोक पांगले. दर रविवारी येणारी कोळीण खिडकीशी थांबली. हातात हिरवा चुडा तसाच. "दादा, आमचे धनी होडी घेऊन गेले, त्याला या नारळी पुनवेला नऊ वर्षं भरतील. म्हणजे आता येतील ना?"

खरं सांगायलाच हवं होतं. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात पुढचा घोळका आत शिरला.

ती दाराशी ऐकत उभी राहिली.

"आणि बारा वर्षांनी," तिची नजर चुकवत तो म्हणाला, "तांडेल परत आला."