सैल वीण

दुपारची जेवणं आटोपली, आतल्या खोलीतून सासऱ्यांचं घोरणं ऐकू यायला लागलं, तशी सूनबाईने टोपली अलगद पुढ्यात ओढली.

टोपली समुद्राच्या शेवाळाची. किनाऱ्यावर येऊन पडलेलं जाड शेवाळ धुवायचं, त्याचे बोटभर रुंद पट्टे कापून सावलीत सुकवायचे, आणि विणण्याआधी ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायचे. यातली मेख एकच. विणून झाल्यावर पट्टे वाळताना पुन्हा आकसतात. म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येक ओळ पुन्हा ओढून घट्ट करावी लागते. नाहीतर टोपली दिसायला छान, आणि उचलली की लुळी.

चाळीस वर्षं टोपल्या विणणारा माणूस नेमकं हेच विसरायला लागला होता.

पहिल्यांदा ते तिच्या लक्षात आलं चार महिन्यांपूर्वी. "झाली बघ," म्हणत मामंजींनी टोपली फळीवर ठेवली. तिने ती सहज उचलली, तर बूड एकीकडे आणि काठ भलतीकडे. तिने वर पाहिलं. मामंजी उजव्या हाताची बोटं चोळत बसले होते.

"दुखतात का हो?"

"छे गं. वय झालं, आता बोटं थोडे नखरे करणारच."

त्याच सुमाराला ते दर मंगळवारी इस्पितळात जायला लागले. कशाला, ते सांगेनात. शेजारणीने त्यांना हातांच्या विभागात शिरताना पाहिलं होतं. सूनबाई काय समजायचं ते समजली.

खरं तर शेवाळाला हात लावायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा हेच शेवाळ गोळा करायला खडकांवर उतरला आणि लाटेबरोबर गेला. त्यानंतर मामंजींनी दोनदा विषय काढला होता. "शिकून घे, पोरी. माझ्यामागे तुला कोण आहे?"

"उपाशी मरेन, पण त्या शेवाळाला हात लावायला सांगू नका," ती म्हणाली होती.

मामंजींनी पुन्हा ते नाव काढलं नाही.

पण ती लुळी टोपली हातात आली आणि तिला ती खाली ठेवता येईना. बायको गेली, मुलगा गेला. म्हाताऱ्याजवळ उरलं होतं काय, तर हात. आता तेही गेले हे त्याला कळलं, तर तो अंथरूणच धरेल. दुपारी मामंजी झोपल्यावर ती टोपली घेऊन बसली. तो खारट वास नाकात शिरला मात्र, तोंडावर हात दाबून ती ढसाढसा रडली. मग रडत रडतच तिने पहिली ओळ ओढली. चुकीच्या बाजूने ओढली. पट्टा तटकन तुटला.

आता आली का पंचाईत! म्हाताऱ्याला कळायला नको, म्हणून ती नवा पट्टा घालायला शिकली. त्यांनी विणलेलं उलटसुलट करून, पुन्हा पुन्हा उसवून शिकली. आणि बिघाडही काय एकच असावा? एका आठवड्यात बूड तिरकं, पुढच्या आठवड्यात काठ सुटलेला, त्याच्या पुढच्या आठवड्यात मूठच नाही. गेल्या महिन्यात तर मामंजींनी अर्धीच विणलेली टोपली फळीवर ठेवली आणि खुशाल "झाली" म्हणाले. उरलेली अर्धी तिने विणली.

संध्याकाळी त्यांनी ती हातात घेऊन फिरवून पाहिली. "म्हातारा अजून कामातून गेलेला नाही. काय?"

"तर हो," ती म्हणाली. अर्धी टोपली आपोआप पुरी झाली, तरी यांना पत्ता नाही. तिला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

हे असंच चाललं असतं. पण बुधवारी टोपल्या विकत घेणाऱ्या दुकानदारीणबाई घरी आल्या. शनिवारी प्रदर्शन होतं. मामंजींनी तिथे लोकांसमोर बसून टोपली विणायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"येतो की!" मामंजी म्हणाले.

बाई गेल्यावर सूनबाई म्हणाली, "मामंजी, राहू द्या ना. एवढी गर्दी, धावपळ..."

"अगं, चाळीस वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं मला. तूही चल. माझ्या शेजारी बस."

ते इतके खुशीत होते की तिला पुढे बोलवेना. शंभर माणसांदेखत ती बोटं अडखळणार, लोक कीव करणार, आणि चाळीस वर्षांचं नाव एका सकाळीत मातीत जाणार. ती गुरुवारी उठली आणि तडक इस्पितळात गेली.

हातांच्या विभागातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सूनबाईने दार लोटून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. सैल वीण, विसरभोळेपणा, दुपारची चोरटी दुरुस्ती, शनिवारचं संकट.

"तुम्हीच त्यांना सांगा, डॉक्टर. हाताला विश्रांती हवी म्हणा, काहीही म्हणा. मी सांगितलं तर त्यांचं मन मोडेल."

डॉक्टरीणबाईंनी गोंधळून विचारलं, "पण कुणाबद्दल बोलताय तुम्ही?"

"माझ्या सासऱ्यांबद्दल. टोपल्यावाले आजोबा. दर मंगळवारी तुमच्याकडे उपचाराला येतात ना?"

"उपचाराला? अहो, ते आमच्या पेशंटना विणकाम शिकवायला येतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हात हलवायचाच नाही म्हणून हटून बसलेली माणसं असतात इथे. आम्ही समजावून थकतो. आजोबा एका शब्दाने समजावत नाहीत. मुद्दाम बिघडवलेली टोपली त्यांच्या पुढ्यात ठेवतात, आणि स्वतः खुर्चीत डोळे मिटून खोटं खोटं घोरायला लागतात."