गाडी हलणार नाही

"रात्री इथंच झोपायचंय, गाडी हलणार नाही. मग प्यायलो तर कुणाचं काय जातंय?" दारूबंदीच्या शारजात वर्षभर घसा कोरडा ठेवलेल्या सुदेशने बायकोला, समिधाला सुनावलं, भाड्याची मोटरहोम रास अल खैमाच्या एका पबसमोर लावली आणि मनसोक्त ढोसली.

सकाळी उठून बघतो तर आत कुणीच नाही. शिव्या घालत त्याने दार उघडलं, तोच समोर टॅक्सी थांबली. समिधा उतरली, मागून आठ वर्षांची ईश्वरी. तिच्या हाताला सलाइनची पट्टी होती.

"दम्याचा अटॅक आला होता," समिधा म्हणाली.

"अगं, मग मला उठवायचं ना! बाप मेला होता का?"

समिधा टॅक्सीचे पैसे द्यायला वळली. ईश्वरीनेच त्याची समजूत काढल्यासारखं सांगितलं, "आय डिड, पप्पा. बट यू सेड, गाडी हलणार नाही."