गाडीखाली सरकवलेलं चाक

गाडी मी चालवत होते, त्यामुळे पंक्चरही माझंच होतं. नवरा डोक्यावर उभा राहून शिव्या घालत होता आणि मी खाली बसून नट काढत होते. बाळाला कडेवर घेतलेल्या सासूबाईंनी पायानेच स्टेपनी ढकलत गाडीखाली सरकवली.

"आई, तुझं काय मध्येच?" तो खेकसला.

मी पंक्चर चाक ओढून काढलं, तेवढ्यात त्याने रागाच्या भरात जॅकला लाथ घातली. गाडी धाडकन स्टेपनीवर आदळली. माझा हात थोडक्यात वाचला.

मी पुन्हा जॅक लावला, स्टेपनी बसवली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. सासूबाई बाळाला घेऊन शेजारी बसल्या आणि तीनच बोटं उरलेल्या हाताने त्यांनी लेकाच्या तोंडावर दार लावून घेतलं.


"काढ गाडी. ह्याच्या बापाने लाथ घातली, त्या दिवशी मी थांबले होते."